शिकागोचा 'द वेअरहाऊस' क्लब: २०६ साऊथ जेफरसन स्ट्रीट

खिडकीतली_चिमणी

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. माझं ऑफिस शिकागोच्या वेस्ट लूपमधे आहे, युनियन स्टेशनवर उतरून पश्चिमेला चालायला लागलं की दोनेक ब्लॉकवर साऊथ जेफरसन स्ट्रीट लागतो आणि तिथे २०६ नंबरची एक जुनी तीन मजली इमारत आहे. आजूबाजूला सगळे काचेचे टॉवर आणि मधे ही बुटकी, समोरून गेलात तरी मान वळवून बघणार नाही अशी. १९७७ ते १९८२ या काळात इथे 'द वेअरहाऊस' नावाचा क्लब होता. आज जगभर ज्याला हाऊस म्युझिक म्हणतात, म्हणजे जिमपासून लग्नाच्या संगीतापर्यंत सगळीकडे जो चारचा ठेका धपधपत असतो, तो इथूनच निघाला. नावसुद्धा या क्लबवरूनच पडलं, कारण पोरं रेकॉर्डच्या दुकानात जाऊन 'वेअरहाऊसला वाजतं ते द्या' म्हणून मागायची.

क्लब काढला रॉबर्ट विल्यम्सने. हा मूळ न्यूयॉर्कचा, तिथल्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या बघितलेल्या, शिकागोत तसं काहीच नाही म्हणून स्वतःच सुरू केलं. डीजे म्हणून त्याने आधी लॅरी लेव्हानला विचारलं होतं, तो न्यूयॉर्क सोडायला तयार नव्हता, मग लॅरीचाच दोस्त फ्रँकी नकल्स आला. फ्रँकी ब्राँक्सचा, शिकलेला टेक्स्टाइल डिझाइन, वय तेव्हा बावीस. आणि लोक कोण, तर बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातले बरेचसे गे. शहरातल्या इतर क्लबांच्या दारात ज्यांना नाना कारणं सांगून परत पाठवायचे ती ही पोरं.

आत शिरलात की आधी वरच्या मजल्यावर बसायची जागा, तिथून जिना उतरून मधल्या मजल्यावर नाचायचा हॉल आणि तळघरात ज्यूस, पाणी, थोडंफार खायला, तेही फुकट. दारू नाही. शनिवारी रात्री सुरू झालं की रविवारी दुपारपर्यंत.

जून २०२३ मधे शिकागो महापालिकेने ही इमारत अधिकृत वारसा वास्तू म्हणून जाहीर केली. त्याआधी ती पाडतील अशी भीती होती, हजारो लोकांनी सह्या केल्या. मला मनापासून आनंद झाला पण तेव्हापासून एक प्रश्नही डोक्यात आहे. भिंती वाचल्या, आत आता क्लब नाही, मग वाचलं नेमकं काय? तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि या संगीताबद्दल ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी तर नक्कीच.

जुना_शिकागोकर

फार छान विषय काढलास चिमणी. मी १९७८ ला आयआयटीत शिकायला आलो, मुंबईच्या नव्हे, शिकागोच्या आयआयटीत, साऊथ साईडला. आमच्या हॉस्टेलपासून कोमिस्की पार्क म्हणजे व्हाईट सॉक्सचं बेसबॉलचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ. १२ जुलै १९७९ ची रात्र मला आजही लख्ख आठवते.

झालं असं होतं की स्टीव्ह डाल नावाचा एक रेडिओवाला डिस्कोच्या विरोधात मोहीम चालवत होता. त्या दिवशी डेट्रॉईट टायगर्सबरोबर लागोपाठ दोन सामने होते आणि घरून डिस्कोची एक रेकॉर्ड आणली की तिकीट ९८ सेंट. आणलेल्या रेकॉर्डी दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मैदानात नेऊन स्फोटाने उडवायच्या. आत ५० हजारांच्या आसपास लोक आणि बाहेर आणखी गर्दी. स्फोट झाला तसे लोक कुंपणं चढून मैदानात घुसले, गवत जळालं, दुसरा सामना खेळवताच आला नाही आणि तो टायगर्सला बहाल केला. आम्हाला हॉस्टेलमधे आधी तो दणका ऐकू आला, मग आरडाओरडा, मग पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे. माझा रूममेट काळा होता, तो खिडकीशी गेला आणि नुसता बघत उभा राहिला. म्हणाला आज बाहेर पडू नकोस.

त्या मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने नंतर बरेचदा सांगितलंय की लोकांनी टाकलेल्या रेकॉर्डींत डिस्को नसलेल्याही पुष्कळ होत्या, काळ्या गायकाची रेकॉर्ड आहे एवढंच पुरेसं होतं. आणि याच व्हिन्सने पुढे जेसी साँडर्सबरोबर १९८४ मधे 'ऑन अँड ऑन' केलं, जी हाऊसची पहिली विकायला आलेली रेकॉर्ड म्हणून धरतात. म्हणजे ज्याच्या डोळ्यांसमोर हे संगीत जाळलं त्यानेच पुढचं संगीत बाजारात आणलं.

त्या काळात तिथून चार-पाच मैलांवर वेअरहाऊस दर शनिवारी चालूच होतं. हे लोक अजिबात लक्षात घेत नाहीत.

ठेका_धरा

काका तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

मी ढोलताशा पथकात टोल धरतो आणि घरी कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवतो त्यामुळे माझा जीव तांत्रिक बाजूत जास्त अडकतो, ते सांगतो. १९७९ नंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. नाचायला लागतील अशा नव्या रेकॉर्डी येणं जवळपास थांबलंच. आणि फ्रँकीला तर दर शनिवारी रात्रभर वाजवायचंय, मग करायचं काय? त्याने जुन्याच गाण्यांना हात घातला. स्पूलवाला टेपरेकॉर्डर घ्यायचा, गाण्यातला जो तुकडा ऐकून पब्लिक पेटतं, बहुतेक वेळा नुसता ड्रम आणि बेसचा, तो परत परत रेकॉर्ड करायचा, मग ब्लेडने टेप तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. दोन टोकं एका केसाने जरी मागेपुढे झाली तरी ठेक्याला उचकी लागते आणि एवढ्या मोठ्या स्पीकरवर ती लपत नाही. असं जोडून जोडून तीन मिनिटांचं गाणं दहा मिनिटांचं व्हायचं. गायक कधीतरी मधेच यायचा, बाकी सगळा ठेका. आज आपण माउसने कॉपी पेस्ट करतो तेच काम तो ब्लेडने करत होता.

पुढे त्याने ड्रम मशीन आणलं, रोलँडचं ९०९, ते त्याला डेट्रॉईटच्या डेरिक मेने विकलं होतं. हाच डेरिक मे पुढे टेक्नो या मशीनवरच्या नाच-संगीताच्या पहिल्या फळीतला. तो शिकागोला यायचा, फ्रँकीला ऐकायचा आणि परत जाऊन आपलं काहीतरी करायचा, म्हणजे डेट्रॉईटच्या टेक्नोतही या शहराचा वाटा आहे. ९०९ चा किक, म्हणजे जड ड्रमचा ठोका, वाजणाऱ्या गाण्याच्या खाली घातला की अख्ख्या हॉलच्या पायाखाली एकच जमीन येते, गाणी बदलली तरी ती हलत नाही. मिरवणुकीत टोल नीट पडला की पन्नास ताशे कितीही तडतडले तरी पथक फुटत नाही, अगदी तसंच आहे हे.

आणखी एक, फ्रँकी मधेच सगळे दिवे घालवायचा, अगदी किट्ट काळोख, आणि वेगाने येणाऱ्या आगगाडीचा आवाज लावायचा, तो हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवायचा. लोक किंचाळायचे. साऊंड सिस्टीम रिचर्ड लाँगची होती, ज्याने न्यूयॉर्कच्या पॅराडाईज गॅराज क्लबची केली तोच. तेव्हा ती आगगाडी काय वाटली असेल विचार करा.

चिमणीताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर: वाचलं ते हे. टंचाई आली तर आहे त्या मालातून नवीन कसं काढायचं ही रीत. आजचा प्रत्येक रिमिक्स त्याच रीतीवर उभा आहे आणि त्याला इमारत लागत नाही.

साधा_वाचक

माहिती चांगली आहे पण मला खरंच कळत नाहीये म्हणून विचारतो, नाईटक्लबला वारसा दर्जा? वाडा, देऊळ, गिरणी समजू शकतो. पाच वर्षं चाललेली नाचायची जागा, तिथे नशापाणीही होत असणार, ती सरकारने का जपायची?

रात्रपाळी

@साधा_वाचक, मी शांतपणे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. नशा होती, ते कोणी नाकारत नाही. पण १९७७ च्या अमेरिकेत काळा आणि गे असणं म्हणजे काय ते बघा. घरी सांगता येत नाही, चर्चमधे सांगता येत नाही, गोऱ्या गे लोकांच्या बारमधे गेलात तर दारातच दोन-दोन तीन-तीन ओळखपत्रं मागायचे म्हणजे तुम्ही आपणहून परत जावं. अशा माणसाला आठवड्यातून एक रात्र अशी मिळते की शेजारी कोण नाचतंय याला काही अर्थच नाही. फ्रँकी या जागेला 'देवाच्या कृपेतून पडलेल्यांचं चर्च' म्हणायचा. रविवारी सकाळी शहरातले बाकीचे लोक प्रार्थनेला जात असायचे आणि ही पोरं अजून आत नाचत असायची, म्हणून ते वाक्य मला अजिबात अलंकारिक वाटत नाही.

मी स्वतः गे आहे, मुंबईत वाढलो. कुलाब्यात ताजच्या मागे वूडू नावाचा पब होता, शनिवारची रात्र आपली असायची. जागा म्हणाल तर अंधारी, कोंदट, एसीने राम म्हटलेला. पण पहिल्यांदा आत गेलो तेव्हा दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून सावकाश नाचत होती आणि कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. ते मी आधी कुठेच बघितलं नव्हतं, कुठल्याही पडद्यावर नाही की पुस्तकात नाही. ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सप्टेंबर २०१८ मधे आला, आम्ही माणसं आहोत हे मला त्याच्या कितीतरी आधी त्या खोलीत कळलं. आता वूडू नाही, तिथे काही होतं याची खूणही नाही.

म्हणून भिंती जपायच्या. आमच्यासारख्यांचा इतिहास घरच्या अल्बममधे नसतो, आणि त्या पिढीतली किती माणसं ऐंशीच्या दशकात एड्सने गेली. आठवण सांगायला माणसंच उरली नाहीत तर निदान पत्ता तरी राहू दे.

साधा_वाचक

धन्यवाद रात्रपाळी. एवढं सविस्तर लिहिलंत. वारसा दर्जा का, ते आता कळलं.

खिडकीतली_चिमणी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता तो पत्ता शहराने रस्त्यावरही लिहून ठेवलाय, जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला २००४ मधे 'फ्रँकी नकल्स वे' असं मानाचं नाव दिलं. तेव्हा इलिनॉयच्या सिनेटमधे असलेल्या बराक ओबामांनी त्यासाठी मदत केली होती. फ्रँकी तेव्हा हयात होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, सन्मान जिवंतपणी झाला. तो ३१ मार्च २०१४ ला गेला, एकोणसाठचा होता.

आणि दारू नसण्याबद्दल राहिलंच. दारूचं लायसन नाही म्हणजे बारची बंद व्हायची वेळही लागू नाही, म्हणून तर दुपारपर्यंत चालायचं. पुढे १९८७ च्या सुमारास शहराने अशा ज्यूस बारनाही दारूच्या बारसारखीच वेळ बांधून दिली आणि रात्रभराच्या जागांचा श्वासच कोंडला. त्याच शहराने आता दर्जा दिला, उशिरा का होईना.

गिरगावकर_रेकॉर्डवाला

इथे आपल्या मुंबईचा एक धागा जोडल्याशिवाय राहवत नाही. शिकागोत १९८७ मधे फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि त्यातून ॲसिड हाऊस नावाचा प्रकार सुरू झाला, रोलँडच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा तो चिरका, पिळवटणारा आवाज. हे यंत्र खरं म्हणजे बेस गिटारवाला नसेल तर त्याच्या जागी साथीला म्हणून बनवलेलं, गिटारसारखं अजिबात वाजत नाही म्हणून पडून राहिलं, कंपनीने दोन-तीन वर्षांत बंद केलं आणि मग जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळायला लागलं. गरीब पोरांच्या हातात ते पडलं ते असं.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मधे, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ३०३, सोबत ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ते काढले. चरणजितजी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले नावाजलेले वादक. रेकॉर्ड चालली नाही. २०१० मधे एका डच संग्राहकाने ती परत काढली तेव्हा जग चकित झालं, की हे ॲसिड हाऊस शिकागोच्या आधी मुंबईत कसं? भैरव लावा, ३०३ वर मींड घेतल्यासारखा सूर सरकतो ना, तो ऐकताना मला दरवेळी वाटतं की या यंत्राला रागदारी शिकवायला कोणीतरी हवंच होतं. म्हाताऱ्या वयात त्यांना परदेशात तरुण पोरांसमोर वाजवायला मिळालं, २०१५ मधे ते गेले.

मात्र याच्यावरून 'हाऊस आपणच शोधलं' असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकलेलीच नव्हती. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी चरणजितजींकडे नव्हती, ती म्हणजे दर शनिवारी येणारं पब्लिक. बिचाऱ्या रेकॉर्डला नाचणारे पाय मिळाले नाहीत.

ठेका_धरा

रेकॉर्डवाले, शेवटचं वाक्य शंभर टक्के!! आणि त्याचा पुरावाच आहे. 'ॲसिड ट्रॅक्स' आधी टेपवर होतं, ती टेप त्यांनी नेऊन दिली म्युझिक बॉक्स क्लबमधे रॉन हार्डीला. १९८२ च्या अखेरीस वेअरहाऊसला तिकीट वाढवून धंदेवाईक वळण द्यायला लागले तसा फ्रँकी बाहेर पडला आणि त्याने पॉवर प्लांट हा स्वतःचा क्लब काढला. इकडे विल्यम्सने म्युझिक बॉक्स काढला आणि तिथे बसवला रॉन हार्डीला. हार्डी म्हणजे एकदम वेगळा स्वभाव, फ्रँकी मखमल तर हा वीज, गाणी उलटी वाजवायचा, वेग चढवायचा, आवाज इतका की छातीत बसायचा. त्याने ती टेप पहिल्यांदा लावली तेव्हा अख्खा फ्लोअर रिकामा झाला. लोक परत आल्यावर त्याने पुन्हा लावली. पुन्हा. त्याच रात्री चौथ्यांदा लावली तेव्हा पब्लिकने डोक्यावर घेतली.

मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात लाडका प्रसंग. कोण डीजे आज फ्लोअर रिकामा करणारी टेप एका रात्रीत चार वेळा लावायची हिंमत करेल? आणि हार्डीबद्दल फार कमी लिहिलं जातं, तो १९९२ मधेच गेला, मुलाखती जवळपास नाहीत. फ्रँकीला ग्रॅमी मिळालं, रस्ता मिळाला, ते योग्यच आहे, पण हार्डीचं नाव त्याच्या शेजारी घेतलंच पाहिजे.

कोकणकन्या_एक्सप्रेस

वाचतेय, फार आवडतोय धागा. एक विचारायचंय, या लोकांना पैसे मिळाले का काही? कारण हे संगीत तर पुढे इंग्लंड, इबिझा, सगळीकडे गेलं ना?

गिरगावकर_रेकॉर्डवाला

नाही मिळाले, किंवा फारच थोड्यांना. जानेवारी १९८७ मधे स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचं गाणं इंग्लंडात एक नंबरला होतं, आणि शिकागोबाहेर अमेरिकेत हे काय आहे ते कोणाला माहीत नव्हतं. रेकॉर्डी काढणाऱ्या स्थानिक कंपन्यांत सगळ्यात मोठी ट्रॅक्स रेकॉर्ड्स. वितळवलेल्या जुन्या रेकॉर्डींच्या प्लास्टिकवर नवीन छापायचे, सुई ठेवली की आधी खरखर. पोरं वीस-बावीसची, वकील कोणाकडे असणार, समोर आला तो कागद सही करून दिला. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोघा कलाकारांनी शेवटी २०२० मधे ट्रॅक्सवर दावा लावला आणि २०२२ मधे तडजोड होऊन त्यांच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. ऐंशीच्या दशकातली गाणी, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षं!

माझ्या मते वारशाचं खरं काम हे आहे. फलक लावणं सोपं, हक्क परत मिळवून देणं अवघड, आणि असे कितीतरी जण अजून बाकी आहेत.

जुना_शिकागोकर

अगदी सहमत. आणि वारसा बघायचाच असेल तर मी सांगतो कुठे ते. साऊथ साईडला स्टोनी आयलंड ॲव्हेन्यूवर १९२३ सालची एक बँकेची इमारत आहे, पाडायच्या बेतात होती, ती थिएस्टर गेट्स या कलाकाराने शहराकडून एका डॉलरला घेतली आणि दुरुस्त करून २०१५ मधे उघडली. फ्रँकीचा रेकॉर्डींचा संग्रह, सुमारे पाच हजार, तिथे ठेवलाय. काही कव्हरांच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्यात, हजार वेळा काढून परत ठेवल्याच्या खुणा आहेत त्या.

दुसरं म्हणजे जुलैत जॅक्सन पार्कात होणारी चोझन फ्यू पिकनिक. शिकागोच्या जुन्या डीजे मंडळींनी १९९० मधे सायन्स म्युझियमच्या मागे घरच्या माणसांपुरतं बार्बेक्यू म्हणून सुरू केलं, आता हजारोंनी लोक येतात. तंबू ठोकलेले, शेगड्यांवर बरगड्या भाजतायत, आजीबाई घडीच्या खुर्चीतून उठून ठेक्यावर पाय टाकतायत आणि नातू त्यांच्याकडून शिकतोय. सत्तरीतले लोक असतात तिथे, वेअरहाऊसला जात असणारे. माझी बायको पहिल्या वर्षी नाइलाजाने आली होती, आता तीच आधी तिकिटं काढते.

खिडकीतली_चिमणी

काका, मी इतकी वर्षं इथे राहून पिकनिकला गेलेच नाहीये! यंदा येणार. ठेका_धरा म्हणतो रीत वाचली, रात्रपाळी म्हणतात पत्ता वाचला, रेकॉर्डवाले म्हणतात हक्क वाचायला हवेत. मला वाटतं यातलं एकही बाकीच्या दोघांशिवाय टिकणार नाही. तिथे नाचलेल्या लोकांकडून अजून काय काय कळेल असं सारखं वाटतं, म्हणून पिकनिकमधे भेटणाऱ्या जुन्या लोकांना मी विचारून लिहून घेणार आहे. फक्त नाव न देता, त्यांची परवानगी असेल तेवढंच.

रात्रपाळी

चिमणी, हे नक्की कर. एक प्रश्न माझ्याकडून विचारशील? रविवारी दुपारी दार उघडून उन्हात बाहेर आल्यावर ही मंडळी कुठे जायची, घरी जायच्या आधी. आम्ही कुलाब्याहून निघून पहाटेच्या पहिल्या लोकलची वाट बघत चर्चगेटला बसायचो.

जुना_शिकागोकर

मी ओळखतो एकाला, पिकनिकला दरवर्षी आमच्या शेजारीच त्याचा तंबू असतो. चिमणी, तुझी गाठ घालून देतो, पण सकाळी लवकर ये, दुपारनंतर तो फक्त नाचतो, बोलत नाही.